अपसॅम्पलरचा दावा आणि श्रोत्याचा निर्णय : एक चिकित्सा

प्रास्ताविक

ध्वनिमुद्रित संगीत गांभीर्याने ऐकणाऱ्या श्रोत्याच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो की, त्याच्या ध्वनिसंचातील प्रत्येक घटक आपापल्या जागी ठीक असतो आणि तरीही त्याचे समाधान होत नाही. सीडी प्लेयर किंवा संगणक, अंकांचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणारा डॅक, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अशी साखळी पूर्ण झालेली असते. नेमक्या याच वेळी बाजार त्याच्यासमोर आणखी एक पेटी ठेवतो. ही पेटी प्लेयर आणि डॅक यांच्या मध्ये बसते. तिच्यात ध्वनी शिरत नाही आणि तिच्यातून ध्वनी बाहेरही पडत नाही. सेकंदाला ४४,१०० या दराने आलेले नमुने घेऊन ती ते चौपट, आठपट, सोळापट दराने पुढे पाठविते. या पेटीला अपसॅम्पलर म्हणतात.

घरगुती श्रोत्यासाठी अशी स्वतंत्र पेटी विकण्याची प्रथा गेल्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. केंब्रिज येथील डीसीएस या कंपनीने आपल्या अपसॅम्पलरला ‘पर्सेल’ या इंग्रज संगीतकाराचे नाव दिले होते. अलीकडच्या काळात या प्रकाराला नवे तेज आले ते इंग्लंडमधील कॉर्ड इलेक्ट्रॉनिक्सने २०१८ साली आणलेल्या ‘ह्यूगो एम स्केलर’मुळे. त्याची त्यावेळची किंमत ३,४९५ पौंड होती. तत्कालीन विनिमयदराने ती तीन लाख रुपयांहून अधिक भरते, आयातशुल्क वेगळेच. एखाद्या महाविद्यालयाच्या संगीत विभागाला एवढ्या रकमेत एक बऱ्यापैकी श्रवणकक्ष उभा करता येईल. तेव्हा ही पेटी संचात असावी की नसावी, हा प्रश्न केवळ छंदाचा राहत नाही. पदार्थविज्ञान, श्रवणाचे मानसशास्त्र आणि समीक्षेची भाषा या तिन्हींच्या सीमेवर तो उभा आहे. प्रस्तुत लेखात या दाव्याची त्याच्याच तर्काच्या आधारे तपासणी केली आहे.

पायऱ्यांचे चित्र आणि त्यातील दोष

अपसॅम्पलरच्या जाहिरातींत एक आकृती हमखास आढळते. डाव्या बाजूला जिन्याच्या पायऱ्यांसारखी ओबडधोबड लहर असते आणि उजव्या बाजूला गुळगुळीत. वाचकाने यातून असा बोध घ्यावा अशी अपेक्षा असते की, सीडीवरील संगीत मुळात तुटक आहे आणि नमुन्यांची संख्या वाढविल्याने ते सलग होते. चित्र मनात ठसते, पण ते चुकीचे आहे. नायक्विस्ट (१९२८), कोटेल्निकोव्ह (१९३३) आणि शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून सिद्ध झालेला सिद्धांत असे सांगतो की, एखाद्या संकेतातील सर्वोच्च वारंवारता नमुनादराच्या निम्म्यापेक्षा कमी असेल, तर त्या नमुन्यांवरून मूळ संकेत पूर्णतः परत मिळविता येतो. ‘जवळजवळ’ नव्हे, पूर्णतः. दोन नमुन्यांमधील जागा रिकामी असते हीच समजूत भ्रामक आहे. त्या मर्यादेतील एक आणि एकच लहर त्या सर्व बिंदूंतून जाऊ शकते.

प्रश्न उरतो तो ही लहर प्रत्यक्षात काढावयाची कशी, हा. नमुन्यांचे विद्युत्-संकेतात रूपांतर करताना २२.०५ किलोहर्ट्झच्या वर मूळ संकेताच्या प्रतिमा निर्माण होतात. त्या गाळण्यासाठी फिल्टर लागतो, आणि २० ते २२.०५ किलोहर्ट्झ एवढ्या चिंचोळ्या पट्टीत त्या फिल्टरला कड्यासारखे खाली उतरावे लागते. १९८२ साली सोनीने आपल्या पहिल्या प्लेयरमध्ये हे काम विद्युत्-घटकांच्या तीव्र उताराच्या फिल्टरवर सोपविले. फिलिप्सने वेगळी वाट धरली. त्यांच्या पहिल्या पिढीतील डॅक १४ बिटांचा होता. परंतु त्यांनी अंकीय फिल्टरद्वारे नमुनादर आधीच चौपट करून घेतला. त्यामुळे प्रतिमा दूर वर ढकलल्या गेल्या आणि पुढच्या फिल्टरचे काम हलके झाले. या क्रियेला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. ओव्हरसॅम्पलिंग आणि अपसॅम्पलिंग या गणिताच्या दृष्टीने एकाच क्रियेच्या दोन संज्ञा आहेत. दोन्हींत दोन नमुन्यांमधील मूल्ये फिल्टरच्या साहाय्याने काढली जातात; दोन्हींत नवी माहिती शून्य असते. भेद आहे तो जागेचा, म्हणजे ही क्रिया डॅकच्या आत होते की बाहेर, आणि काही वेळा गुणोत्तराचा, कारण ४४.१ वरून ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झवर जाताना पूर्णांकी पट राहत नाही. श्रोत्याच्या घरातील सामान्य डॅक आज अनेक वर्षे जे काम मुकाट्याने करीत आला आहे, त्याच कामाला नवे नाव आणि स्वतंत्र पेटी मिळाली, एवढाच याचा अर्थ. साहित्यव्यवहारात जुन्याच ग्रंथाला नवे वेष्टन चढविण्याची रीत प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही.

दहा लाख गुणकांचा हिशेब

तथापि येथेच थांबणे अन्यायाचे होईल. एम स्केलरच्या मागील विचार जाहिरातीतील जिन्यापेक्षा पुष्कळच प्रगल्भ आहे. त्याचे रचनाकार रॉब वॉट्स यांच्या मांडणीचा गाभा असा : सिद्धांताने सांगितलेला आदर्श फिल्टर अनंत लांबीचा असतो. प्रत्यक्षातील फिल्टर मर्यादित गुणकांवर, म्हणजेच तांत्रिक भाषेत ‘टॅप्स’वर, भागवून घेतात. सामान्य डॅकमधील चिपमध्ये त्यांची संख्या काही शेकड्यांच्या घरात असते; एम स्केलरमध्ये ती १०,१५,८०८ आहे. फिल्टर जितका लांब, तितकी ध्वनीच्या आरंभक्षणांची, म्हणजे तबल्यावरील थापेची किंवा तारेवरील आघाताची, काळातील जागा अचूक. आणि मानवी श्रवणसंस्था काळाबाबत अत्यंत संवेदनशील असल्याने हा फरक ऐकू येतो.

या युक्तिवादाचा पहिला भाग निर्विवाद खरा आहे आणि त्याचा हिशेबही सहज मांडता येतो. ७०५.६ किलोहर्ट्झ या निर्गम-दराने दहा लाख गुणकांची लांबी सुमारे १.४४ सेकंद होते. म्हणजे प्रत्येक नमुना काढताना ही पेटी मागचे पाऊण सेकंद आणि पुढचे पाऊण सेकंद संगीत विचारात घेते. पुढचे ऐकण्यासाठी तिला थांबावे लागते. म्हणूनच चित्रपट पाहताना ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ राखण्यासाठी तिच्यात वेगळी सोय ठेवावी लागली. पाऊण सेकंदाच्या अंतरावर आदर्श फिल्टरच्या शेपटाची उंची साधारण एक लाखांश उरते, आणि १६ बिटांचा सर्वांत लहान अंश ६५,५३६ भागांपैकी एक असतो. शेपूट त्याच्या खाली गेल्यावर कापले, तर १६ बिटांच्या मर्यादेत काही गमावले जात नाही, असे म्हणता येते. एक अभियांत्रिकी कृती म्हणून हे काम देखणे आहे, हे मान्य करण्यात कुचराई करू नये.

अडचण दुसऱ्या भागात आहे. फिल्टरची लांबी वाढविल्याने नेमके काय बदलते? त्याचा उतार अधिक उभा होतो. सामान्य फिल्टर २० ते २४ किलोहर्ट्झच्या दरम्यान उतरतो. दहा लाख गुणकांचा फिल्टर २२.०५ किलोहर्ट्झपाशी मोजक्या हर्ट्झमध्ये उतरतो. त्याखालील पट्ट्यात, म्हणजे जेथे संगीत ऐकू येते तेथे, एखादा नीट रचलेला आखूड फिल्टरही डेसिबलच्या सहस्रांशापर्यंत सपाट असू शकतो. दोन्ही फिल्टरांतून निघालेल्या लहरींची वजाबाकी केली, तर उरणारा अंश जवळजवळ संपूर्णपणे २० किलोहर्ट्झच्या वर सापडतो. पन्नाशीतील माणसाला १५ किलोहर्ट्झच्या वरचे सहसा ऐकू येत नाही, आणि ही पेटी विकत घेण्याइतकी ऐपत साधारणतः त्याच वयात येते, हा योगायोग क्रूर म्हणावा लागेल.

काळाच्या सूक्ष्मतेचा मुद्दाही तपासला पाहिजे. दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीतील सुमारे दहा मायक्रोसेकंदांचा फरक माणसाला जाणवतो, हे प्रयोगसिद्ध आहे. सीडीच्या दोन नमुन्यांमधील अंतर २२.७ मायक्रोसेकंद आहे. या दोन आकड्यांची शेजारी मांडणी करून सीडी काळाच्या बाबतीत अपुरी असल्याचे अनेकदा सुचविले जाते. परंतु नमुन्यांमधील अंतर ही काळाच्या अचूकतेची मर्यादा नव्हेच. मर्यादित पट्ट्यातील लहर किंचित पुढे-मागे सरकली की सर्व नमुन्यांची मूल्ये बदलतात, आणि १६ बिटांत तो बदल टिपला जातो. पूर्ण उंचीच्या २० किलोहर्ट्झच्या लहरीसाठी ही सूक्ष्मता नॅनोसेकंदाच्या सुमारे अष्टमांशापर्यंत जाते. कानाला जेवढी हवी त्याच्या कित्येक हजार पट ती अधिक आहे.

आणखी एक विसंगती मांडणीच्या मुळाशीच आहे. आदर्श फिल्टर मूळ लहर परत देतो तो एका अटीवर : मुद्रण करतानाही २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचे सर्व काही काटेकोरपणे गाळलेले असले पाहिजे. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रणकक्षांतील पुष्कळशा रूपांतरकांत ‘हाफ-बँड’ जातीचे फिल्टर वापरले गेले, कारण त्यांतील जवळजवळ निम्मे गुणक शून्य असल्याने गणित स्वस्त पडते. असा फिल्टर नेमक्या सीमेवर केवळ ६ डेसिबल खाली असतो. म्हणजे प्रवेशद्वारीच भेसळ झालेली असते. अशा नमुन्यांवर घरी बसून कितीही लांब फिल्टर चालविला, तरी तो भेसळीसह मूळ लहर काढील, भेसळीपूर्वीची नव्हे.

तीन पंथ, एकच विशेषण

समीक्षेच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत उद्बोधक भाग पुढेच आहे. फिल्टरच्या बाबतीत हायफाय जगात आज परस्परविरोधी तीन पंथ नांदत आहेत. पहिल्या पंथाला फिल्टर जास्तीत जास्त लांब हवा असतो. दुसरा पंथ म्हणतो की, लांब फिल्टरमुळे आघाताच्या आधी आणि नंतर २२ किलोहर्ट्झच्या आसपास कंप उमटतो, तेव्हा फिल्टर सौम्य उताराचा हवा आणि आघातापूर्वीचा कंप तर नकोच. पीटर क्रेव्हन यांनी २००४ साली ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या दिशेने विवेचन केले आणि त्यानंतर अशा फिल्टरांचे अनेक डॅक बाजारात आले. तिसरा पंथ जपानमध्ये १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात उदयास आला. र्योहेइ कुसुनोकी हे त्याचे प्रवर्तक. त्यांच्या मते अंकीय फिल्टर मुळात नसावाच. अशा डॅकमध्ये प्रतिमा गाळल्या जात नाहीत आणि २० किलोहर्ट्झपाशी आवाज सुमारे ३.२ डेसिबलने घसरतो. तरी त्याचे चाहते उदंड आहेत.

या तिन्ही पंथांच्या उपकरणांची परीक्षणे शेजारी ठेवून वाचली, तर विलक्षण साम्य आढळते. तिन्हींत ‘पडदा दूर झाला’, तिन्हींत ‘स्वरांमधील शांतता अधिक गडद झाली’, तिन्हींत ध्वनी ‘नैसर्गिक’ आणि ‘सादृश’ झाला. दहा लाख गुणक, काहीसे आणि शून्य, अशा तीन कारणांचे कार्य जर एकच असेल, तर ते कार्य कारणाचे वर्णन करीत नसून वर्णन करणाऱ्याचे वर्णन करीत आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. ही भाषा आकाशातून पडलेली नाही. १९६२ साली ‘स्टीरिओफाइल’ काढणाऱ्या जे. गॉर्डन होल्ट यांनी उपकरणाचा गुण मोजमापापेक्षा ऐकून ठरविण्याचा आग्रह धरला, आणि तो त्या काळी रास्तच होता; मोजमापाची साधने तेव्हा ढोबळ होती आणि उपकरणांतील दोष कानाला सहज कळण्याइतके मोठे होते. पुढे दोष आटत गेले, पण विशेषणे आटली नाहीत. स्वतः होल्ट यांनीच २००७ साली या क्षेत्राने अंधचाचणीसारख्या प्रामाणिकपणाच्या साध्या कसोट्या नाकारून आपली विश्वासार्हता घालविल्याची तक्रार केली, ही बाब त्यांच्या परंपरेतील परीक्षकांनी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

परीक्षक खोटे बोलतात, असा येथे आरोप नाही. त्यांना फरक ऐकू येतो, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. नवी पेटी जोडल्यावर श्रोता अधिक लक्षपूर्वक ऐकतो, आणि अधिक लक्षपूर्वक ऐकलेल्या गाण्यात अधिक काही सापडतेच. अनुभव खरा असतो, त्याचे श्रेय मात्र पेटीकडे जाते.

कसोटी आणि तिचा खर्च

२००७ साली मेयर आणि मोरान यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च नमुनादराच्या तबकड्या वाजविताना साखळीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची कडी मध्ये घातली आणि ती ओळखता येते का, हे श्रोत्यांना न सांगता पाहिले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के, नाणेफेकीइतकीच. त्यांनी वापरलेल्या काही तबकड्यांचा मूळ स्रोतच उच्च दराचा नव्हता, हा पुढे घेतला गेलेला आक्षेप सार्थ आहे. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली. बारा हजारांहून अधिक प्रयत्नांत यशाचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले; प्रशिक्षित श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. फरक अगदीच नाही असे यावरून म्हणता येत नाही, आणि रात्र व दिवसाइतका आहे असेही म्हणता येत नाही. पण ध्यानात ठेवावे लागते ते असे की, या प्रयोगांत दुसऱ्या बाजूला खरोखरच अधिक माहिती होती. अपसॅम्पलर एकही नवी माहिती देत नाही. तेव्हा त्याचा परिणाम याहून मोठा असेल, हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे.

सुदैवाने श्रोत्याला या वादात कोणावरच विश्वास ठेवण्याची गरज नाही. सॉक्स नावाची विनामूल्य संगणक-आज्ञावली सीडीच्या फाइलचे ४४.१ वरून १७६.४ किलोहर्ट्झमध्ये उत्तम प्रतीचे रूपांतर करते. डॅक हा दर स्वीकारत असेल, तर त्याच्या अंतर्गत फिल्टरचे पहिले टप्पे आपोआप वगळले जातात. म्हणजेच पेटी जे करते त्याचा फार मोठा भाग येथे फुकट होतो. मूळ आणि रूपांतरित फाइल एबीएक्स पद्धतीने, कोणती कोणती हे न कळता, सोळा वेळा ओळखून पाहावी. केवळ अंदाजाने बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. बारा आली नाहीत, तर तीन लाखांचा प्रश्न निदान त्या संचापुरता आणि त्या कानांपुरता मिटला.

चाचणीसाठी काय वाजवावे, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. बहुतेकांचा हात तंबोऱ्याकडे जाईल. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीच्या रचनेमुळे, तत्कालीन नियमानुसार जे अधिस्वर अनुपस्थित असावयास हवेत तेही जोरदार ऐकू येतात, हे दाखवून दिले. जवारीची ती सगळी दौलत ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या आतली आहे. फिल्टरचा उतार तेथवर पोहोचतच नाही. फिल्टरची परीक्षा घ्यावयाची, तर भजनी मंडळाचे टाळ बरे. त्यांच्या नादात २० किलोहर्ट्झच्या आसपासही पुष्कळ काही घडत असते.

दोन्ही फाइलींचा आवाज डेसिबलच्या एक-दोन दशांशांपर्यंत समान असणे मात्र अनिवार्य आहे, कारण किंचित मोठा आवाज मोठा म्हणून नव्हे तर ‘चांगला’ म्हणून ऐकू येतो. याच ठिकाणी अपसॅम्पलरचा एक खराखुरा गुण दडलेला आहे. १९९०च्या दशकापासून व्यापारी मुद्रणे इतकी चढ्या पातळीवर केली गेली की, दोन नमुन्यांच्या मध्ये लहरीचे शिखर कमाल अंकाच्याही वर जाते. अनेक डॅकच्या अंतर्गत फिल्टरमध्ये अशा शिखरासाठी जागाच नसते आणि ते छाटले जाते. ज्या अपसॅम्पलरमध्ये किंवा आज्ञावलीत पातळी आधी दोन-तीन डेसिबल उतरविलेली असते, तेथे ही छाटणी टळते. हा फरक मोजता येतो आणि काही मुद्रणांत ऐकूही येतो. तो मिळविण्यासाठी मात्र दहा लाख गुणक लागत नाहीत. संगणकातील आवाजाची पट्टी थोडी खाली ओढली तरी पुरते. फिल्टर नसलेला जपानी धाटणीचा डॅक ज्याच्याकडे आहे, त्यालाही पेटीचा परिणाम स्पष्ट जाणवेल, कारण त्याच्या साखळीत जे मुद्दाम वगळले होते तेच ती परत आणते. तेथे प्रश्न आवडीचा आहे, अचूकतेचा नाही.

जुन्या मुद्रणांचा प्रश्न

महाराष्ट्रातील जाणकार श्रोत्याच्या संग्रहाचा मोठा आणि त्याला सर्वांत प्रिय असलेला भाग ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून आलेला असतो. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई केरकर यांचे गाणे याच वाटेने आजच्या कानांपर्यंत पोहोचले. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीतही समाविष्ट झाली. या मुद्रणांत काही किलोहर्ट्झच्या वर संगीत जवळजवळ नसतेच, खरखर तेवढी असते. २२ किलोहर्ट्झपाशी फिल्टर किती उभा उतरतो, याला येथे कोणताच अर्थ उरत नाही.

मूळ ध्वनीशी प्रामाणिक राहावयाचे, तर या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एल.पी.ची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखर वाढविते. याहून महत्त्वाची बाब गतीची आहे. ‘७८’ हा आकडा पुष्कळदा नाममात्रच असतो. प्रत्यक्षात मिनिटाला ७६ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ने वाजविली, तर गायकाचा षड्ज एका अर्धस्वराच्या जवळजवळ निम्म्याने चढतो, लय वाढते, तानेचा दाणा बदलतो आणि आवाजाची जातही पालटते. अंकीय प्रतींमध्ये ही चूक अनेकदा कायमची गोठलेली असते. संगीत विभागातील विद्यार्थी त्याच प्रतीवरून त्या गायकाची पट्टी आणि त्याचा लयविचार लिहून काढतात, आणि तेच पुढे प्रबंधांत येते. ती गती तपासण्यासाठी एक जाणता कान, मूळ तबकडी आणि वेग कमी-जास्त करता येणारे एक टर्नटेबल लागते.